अंतराचे भाडे

जळगावच्या सराफ बाजाराला सोन्याचा भाव मुंबईहून कळे. सावदा-रावेरचा केळीबागायतदार बऱ्हाणपूरच्या बाजाराकडे कान लावून बसे. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या धुळ्यातल्या ट्रान्सपोर्टवाल्याला आपली गाडी इंदूरला पोचली की नाही हे फोन आल्यावरच समजे. माहिती ही पैसे मोजून आणायची वस्तू आहे, हे खान्देशाला संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते. संगणकांच्या जगात हाच हिशेब सर्वांत आधी मांडावा लागला तो डायल-अप बुलेटिन बोर्ड चालवणाऱ्यांना. लोकांना आत घ्यायचे, पण फुकट किती आणि पैसे घेऊन किती? त्यांनी या प्रश्नाची उत्तरे कशी शोधली आणि ती उत्तरे जळगाव-धुळ्यापर्यंत पोचायला इतकी वर्षे का लागली, याचा हा आढावा. माझे म्हणणे आधीच सांगून ठेवतो. बोर्डवाल्याची फी लोकांना कधीच फारशी जड नव्हती. जड होता तो मधल्या तारेचा दर, आणि तो दर किलोमीटरवर लावलेला होता.

१९७८च्या जानेवारीत शिकागोत मोठे हिमवादळ झाले. बाहेर पडता येत नव्हते, तेव्हा वॉर्ड क्रिस्टेनसेन आणि रँडी स्युस या दोन हौशी मंडळींनी घरच्या संगणकाला मॉडेम आणि फोनची तार जोडून सूचनाफलक तयार करायला घेतला. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो सुरू झाला. दुसऱ्याने आपल्या घरून फोन लावायचा, मॉडेमची शिट्टी जुळली की पडद्यावर अक्षरे उमटत, निरोप वाचायचे, आपला निरोप ठेवायचा आणि फोन ठेवायचा. बोर्ड चालवणाऱ्याला सिसॉप म्हणत. एका तारेवर एका वेळी एकच माणूस आत जाऊ शके, बाकीच्यांना एंगेज टोन. पुढचे सगळे हिशेब या एका अडचणीतून निघाले.

म्हणून पैशाच्या आधी वेळेचे रेशन आले. रोज अर्धा तास, पाऊण तास, फार तर तास. वेळ संपली की बोर्ड स्वतःच फोन तोडी. काही बोर्डांवर टाइम बँक होती: आज वीस मिनिटे उरली तर ती जमा ठेवायची आणि रविवारी मोठी फाइल उतरवायला काढायची. दुसरी तऱ्हा देवाणघेवाणीची. तुम्ही एक फाइल चढवली तर काही ठरावीक फाइली उतरवायला मिळत. ही पद्धत दिसायला न्याय्य होती, पण तिने कचराही वाढवला. जुनीच फाइल नाव बदलून पुन्हा चढवायची आणि आपला कोटा वाढवून घ्यायचा, ही चलाखी सगळीकडे चाले आणि सिसॉपचे रात्रीचे दोन तास ती निवडण्यात जात.

पैसे आले ते तारा वाढल्यावर. दुसरी तार घेतली की दुसरे भाडे, दुसरा मॉडेम, फाइलींसाठी मोठी डिस्क. मग सिसॉपने वर्षाची वर्गणी लावली. वर्गणी न भरणाऱ्यालाही दार उघडेच असे, पण त्याला वेळ कमी आणि फाइलींचे काही कप्पे बंद. भरणाऱ्याचा दर्जा वाढवला जाई. चेक पोस्टाने यायचा, सिसॉप तो बँकेत टाकायचा, आणि मग आपल्या हाताने त्या माणसाच्या नावापुढचा आकडा वाढवून मुदतीची तारीख घालायचा. मुदत उलटली की पीसीबोर्डसारखी सॉफ्टवेअरे तो दर्जा आपोआप खाली आणत. मोठी, अनेक तारांची बोर्डे मेजर बीबीएससारखे सॉफ्टवेअर वापरत. तिथे आगाऊ क्रेडिट विकत घ्यायचे आणि आत असेपर्यंत ते मिनिटागणिक घटत जायचे. १९८५मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'द वेल'ने दोन्ही एकत्र केले: महिन्याला ८ डॉलर आणि वर तासाला २ डॉलर. कॉम्प्युसर्व्हसारख्या बड्या कंपन्या तासाप्रमाणेच घेत.

यातली कोणती पद्धत बरी? मी वार्षिक वर्गणीच्या बाजूने आहे, आणि त्याला कारण आहे. तासाचे मीटर चालू असले की माणूस वाचत नाही, घाई करतो. या घाईतूनच ऑफलाइन वाचनाची सोय जन्माला आली. बोर्डाला फोन लावायचा, सगळे नवे निरोप एका गठ्ठ्यात बांधून उतरवायचे आणि लगेच फोन ठेवायचा. सावकाश वाचून उत्तरे लिहायची आणि ती पुन्हा गठ्ठ्यानेच पाठवायची. क्यूडब्ल्यूके नावाची ही गठ्ठ्याची पद्धत १९८७च्या सुमारास आली आणि जगभर पसरली. तार करताना शब्द मोजणाऱ्या पिढीला ही युक्ती समजावून सांगावी लागली नसती.

वर्गणी आणि अनामत हा व्यवहार खान्देशातल्या वाचकाला नवा नव्हताच. जळगावचे वल्लभदास वालजी जिल्हा वाचनालय १८७७पासूनचे. धुळ्यात गरुड वाचनालय आहे, आणि विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या कागदपत्रांसाठी १९२७मध्ये उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ आहे. महिन्याची वर्गणी द्या, अनामत ठेवा, एका वेळी ठरलेली पुस्तके न्या, मुदतीत परत आणा. चोख वर्गणीदाराला नवे पुस्तक आधी. सिसॉपने दर्जे लावले ते याच चालीवर, त्याला ठाऊक नसले तरी. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयांना सरकारी अनुदान मिळू लागले, तरी वर्गणी सुटली नाही, आणि ती कोणाला जाचलीही नाही. कारण वाचनालयापर्यंत चालत जायला पैसे पडत नव्हते. आपल्या गल्लीपासून वाचनालयाच्या दारापर्यंतच्या रस्त्यावर दर पावलाला कोणी नाणे मागितले असते, तर वर्गणी कितीही कमी ठेवून उपयोग झाला नसता. बुलेटिन बोर्डाच्या वाटेवर नेमके तेच होते.

अमेरिकेत बोर्डांचे इतके पीक का आले, याचे उत्तर तिथल्या फोनबिलात आहे. बहुतेक घरांत स्थानिक कॉल महिन्याच्या ठोक रकमेत धरलेले असत. गावातल्या बोर्डावर दोन तास बसले तरी बिल तेवढेच. १९९४मध्ये त्या देशात सुमारे ६०,००० बोर्डे असल्याचा अंदाज छापून आला होता. यातली बहुसंख्य बोर्डे एका-दोन तारांची, घरगुती आणि फुकट. गावाबाहेरचा फोन मात्र तिथेही महाग. नवा सभासद खरा की खोटा हे तपासायला काही बोर्डे उलट त्याला फोन लावून खात्री करीत, पण ही सोय सहसा स्थानिक नंबरांनाच. लांबून फोन करणाऱ्याचा कॉल सिसॉपने आपल्या खर्चाने का करायचा? त्याला टपालाने ओळख पटवावी लागे किंवा उलट कॉलचे पैसे स्वतः सोसावे लागत.

याच अडचणीवर टॉम जेनिंग्जने १९८४मध्ये फिडोनेट काढले. एका गावातल्या बोर्डावर दिवसभर साठलेले परगावचे निरोप मध्यरात्रीनंतर, दर उतरल्यावर, एका फोनमध्ये दुसऱ्या बोर्डाकडे जात. तिथून पुढच्या गावाकडे. सभासदाने आपल्या गावातच फोन करायचा, लांबचा पल्ला बोर्डांनी आपसात गाठायचा. उत्तर यायला दोन-तीन दिवस लागत, पण खर्च वाटला जाई. पुढे भारतातली काही बोर्डेही या जाळ्यात आली.

फ्रान्सने वेगळीच वाट धरली, आणि मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते. १९८२पासून तिथल्या टेलिफोन खात्याने मिनिटेल नावाचे छोटे यंत्र घराघरांत द्यायला सुरुवात केली. १९८४पासून किऑस्क पद्धत आली: कोणत्या सेवेत किती मिनिटे गेली ते खातेच मोजी, फोनच्याच बिलात पैसे घेई आणि त्यातला वाटा सेवा चालवणाऱ्याला देई. सेवावाल्याला चेक गोळा करायचे काम नाही, वापरणाऱ्याला वेगळी नोंदणी नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दर सेवेच्या नंबरावर ठरे, अंतरावर नाही. पॅरिसमधल्या माणसाला जे मिनिट पडे तेच डोंगरातल्या खेड्यातल्या माणसालाही. ३० जून २०१२ला मिनिटेल बंद झाले, पण अंतर दरातून काढून टाकता येते हे त्याने तीस वर्षे आधी दाखवून दिले होते.

आपल्याकडे अंतर हाच दराचा कणा होता. ट्रंक कॉलच्या काळात तर त्यात निकडीचाही दर मिसळलेला असे. साधा कॉल बुक करा आणि वाट पाहत बसा. अर्जंट हवा तर दुप्पट. त्याहून तातडीचा लाइटनिंग त्याच्याही कित्येक पट. नेमक्या माणसालाच फोनवर बोलवायचे तर पीपीचे वेगळे. किमान तीन मिनिटांचे पैसे ठरलेले. १९६०मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान देशातली पहिली एसटीडी सुरू झाली आणि बुकिंगची गरज हळूहळू संपत गेली, पण दराचे सूत्र कायम राहिले. फक्त मिनिटाच्या जागी पल्स, म्हणजे मीटरचे एक एकक, आला. गावात एक पल्स काही मिनिटे टिके. तोच पल्स जळगावहून मुंबईला काही सेकंदांत सरे आणि दिल्लीला त्याहून लवकर.

१९८४मध्ये सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट स्थापन झाली आणि त्यानंतरच्या दहा वर्षांत पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ गल्लोगल्ली आले. अपंगांना आणि माजी सैनिकांना ते देताना प्राधान्य असे. जळगावच्या स्टेशन रोडवर काय किंवा धुळ्याच्या बसस्टँडजवळ काय, बूथचे आतले रूप सारखेच. काचेची उभी पेटी, आत एक स्टूल, भिंतीवर कोडनंबरांची यादी, आणि डोळ्यांसमोर लाल आकड्यांचे मीटर. पलीकडून "हॅलो" आले की मीटर पळायला लागे. बोलणाऱ्याची नजर सतत त्या आकड्यांवर. आवाज आपोआप चढे, वाक्ये आपोआप तुटत. "बरं, ठेवतो, पैसे वाढू राहिले" हे वाक्य कितीतरी संभाषणांचा शेवट होते. मग छोट्या यंत्रातून बिलाची चिठ्ठी करकरत बाहेर येई आणि बूथवाला सुट्ट्या पैशांसाठी गल्ला चाचपी. संध्याकाळनंतर दर निम्मे होत, रात्री दहा-अकरानंतर पाव. पुण्याला शिकायला गेलेल्या मुलाशी बोलायला आई-बाप जेवणे उरकून रांगेत उभे राहत ते त्या पाव दरासाठी. फिडोनेटची बोर्डे जगभर मध्यरात्री एकमेकांना फोन लावीत, त्यामागचे कारण तेच.

आता या तारेवर मॉडेम जोडून पाहू. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सर्रास मिळणारा मॉडेम २४०० बीपीएसचा. म्हणजे सेकंदाला साधारण २४० अक्षरे. शंभर केबीची एक फाइल उतरवायला सात मिनिटे. एक भरलेली १.४४ एमबीची फ्लॉपी उतरवायची तर एक तास बेचाळीस मिनिटे, तेही तार एकदाही न खरखरता. स्थानिक कॉलवर हे परवडे. जळगावहून मुंबईच्या बोर्डावर पाव दरातसुद्धा परवडत नसे. तीच फ्लॉपी पाकिटात घालून रात्रीच्या गाडीने मागवली तर सकाळी हातात पडे आणि खर्च येई एका टपालाचा. बोर्डवाल्याने वर्गणी माफ केली असती तरी या हिशेबात काही फरक पडला नसता.

भारतातली बोर्डे म्हणूनच महानगरांत वाढली. बंगळूरमध्ये अतुल चिटणीस यांनी १९८९मध्ये सीआयएक्स सुरू केले. मुंबईत सुचित नंदा यांचे लाइव्ह वायर होते. दिल्लीतही मंडळी होती. चिटणीस पुढे पीसी क्वेस्ट मासिकातून आणि लिनक्सच्या प्रसारातून देशभर ओळखले गेले. २०१३मध्ये त्यांचे निधन झाले. या बोर्डांवर एकत्र आलेल्या लोकांनीच पुढे भारतातल्या इंटरनेटची पहिली फळी उभी केली, आणि त्यातले बरेच काम बिनपैशाचे होते.

आणि याच मंडळींवर सरकारने फी बसवली. इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठी हानी या एका निर्णयाने झाली असे माझे मत आहे. १८८५च्या भारतीय तार कायद्याने तारेवरून संदेश पाठवण्याची सोय चालवण्याचा मक्ता सरकारकडे ठेवला होता. दुसऱ्या कोणाला ते करायचे तर परवाना हवा. या कायद्याच्या आधारे दूरसंचार खात्याने नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बुलेटिन बोर्ड चालवणाऱ्यांकडे वर्षाला १५ लाख रुपये परवाना फी मागितली. घरातल्या एका संगणकावर, संध्याकाळच्या फावल्या वेळात चालणाऱ्या बोर्डाला १५ लाख. हिशेब करून पाहा. एखाद्या बोर्डाचे ५०० सभासद असते, आणि एका हौशी बोर्डाला हा आकडा फार मोठा आहे, तर प्रत्येकाकडून वर्षाला ३,००० रुपये निव्वळ सरकारला देण्यासाठी घ्यावे लागले असते. तारेचे भाडे, मॉडेम, वीज वेगळी. दिल्लीतल्या अरुण मेहता आणि इतरांनी अभिव्यक्तीच्या हक्काचा मुद्दा पुढे करून संघटना बांधली आणि या फीविरुद्ध आवाज उठवला. अशा फीत धनवान कंपनी टिकते, हौशी माणूस टिकत नाही, हे त्यांचे म्हणणे बिनतोड होते.

महानगरात या फीने चालू बोर्डे धास्तावली. जिल्ह्याच्या गावात तिने बोर्ड जन्मालाच येऊ दिले नसते. आणि जिल्ह्याच्या गावातले बोर्ड हाच तर अंतराच्या दरावरचा उपाय होता. जळगावात एक आणि धुळ्यात एक असे बोर्ड उभे राहते, दिवसभर स्थानिक दराने निरोप घेते आणि मध्यरात्री पाव दराने मुंबईशी एकच गठ्ठा बदलते, तर शंभर जणांत वाटलेला तो एक कॉल कोणालाच जड झाला नसता. तंत्र हाताशी होते, फिडोनेटने ते चालवून दाखवले होते. इंजिनीअरिंग कॉलेजे होती, १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावात उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले होते, व्यापारी होते, फोनबिल कसे वाचवायचे हे जाणणारी माणसे घरोघरी होती.

दुसरी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे एनआयसीने, देशभरातली जिल्हा मुख्यालये उपग्रहाच्या जाळ्याने जोडायला घेतली होती. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या छपरावर छोटी तबकडी आणि खाली संगणकाची खोली. जिल्ह्याची आकडेवारी तिथून दिल्लीला जाई. अंतर ओलांडणारे यंत्र अशा रीतीने जिल्ह्याच्या गावात येऊन पोचले होते, मात्र ते सरकारच्या कामाचे होते. सभासद होऊन वर्गणी भरावी असे तिथे काही नव्हते. संशोधन संस्थांसाठी १९८६मध्ये सुरू झालेले अर्नेटचे जाळे मुंबईत आयआयटी आणि जुहूच्या एनसीएसटीत होते. खान्देशच्या विद्यार्थ्याला त्याचा लाभ घ्यायचा तर आधी त्या संस्थेत प्रवेश मिळवायला हवा.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. व्यक्तीसाठी २५० तासांचे ५,००० रुपये, वेग ९.६ केबीपीएस. तासाला २० रुपये झाले. विद्यार्थ्यांसाठी ५०० रुपयांचे खाते होते, त्यात चित्रे नव्हती, निव्वळ अक्षरे. हा दर वाचून मुंबईतला माणूस विचारात पडे. जळगावच्या माणसाला विचार करायचीही गरज नव्हती. फोन लावायची केंद्रे (नोड) चार महानगरांत होती. पैसे डिमांड ड्राफ्टने भरायचे, त्यावर बँकेचे कमिशन, आणि एवढे करून हाती आलेल्या नंबराला फोन लावायचा तो एसटीडीने. तासाचे २० रुपये इंटरनेटचे, आणि मीटर त्याच्या कितीतरी पट वेगाने पळते आहे. ५०० रुपयांचे विद्यार्थी खाते ही चांगली योजना होती, पण भुसावळच्या विद्यार्थ्याला ते ५०० रुपयांचे नव्हतेच.

याच्या जोडीला लिपीचाही खर्च होता. त्या काळची बोर्डे आणि निव्वळ अक्षरांची खाती इंग्रजी अक्षरांपुरती बांधलेली. देवनागरीसाठी आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलेले जिस्ट कार्ड संगणकात बसवता येई, पण ते दोन्ही टोकांना हवे, आणि त्याचे पैसे वेगळे. त्यामुळे मराठी माणसे एकमेकांना मराठी लिहीत ती रोमन अक्षरांत. लहान गावातल्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला हा दुसरा उंबरठा होता.

गाडी रुळावर आली ती १९९८च्या नोव्हेंबरात. नव्या धोरणाने खासगी इंटरनेट कंपन्यांना परवाने खुले केले, पहिली पाच वर्षे परवाना फी माफ आणि त्यानंतर वर्षाला नाममात्र एक रुपया. तीन-चार वर्षांपूर्वी जिथे हौशी माणसाकडे १५ लाख मागितले गेले, तिथे हा एक रुपया. परवाने देशासाठी, राज्यासाठी आणि दूरसंचार खात्याच्या एका विभागापुरते असे तीन प्रकारचे होते; धुळे विभागात नंदुरबार येई, जे १ जुलै १९९८ला वेगळा जिल्हा झाले होते. पण खान्देशासाठी परवान्यापेक्षा महत्त्वाचा बदल दुसरा होता: १७२ने सुरू होणाऱ्या नंबराला विभागातून कुठूनही फोन लावला तरी स्थानिक दर. १ ऑक्टोबर २००० रोजी बीएसएनएलचा कारभार सुरू झाला आणि तिच्या संचारनेटची ठरावीक तासांची कार्डे गावोगावच्या दुकानांत मिळू लागली. ड्राफ्ट गेला, मुंबई गेली. चोपड्यात किंवा शिरपूरमध्ये बसून आत जाता येऊ लागले.

त्यानंतर जे घडले ते भराभर घडले, म्हणून भराभरच सांगतो. पीसीओच्या शेजारी, कधी पीसीओच्याच अर्ध्या जागेत, सायबर कॅफे आले. प्लायवूडच्या खोपट्या, वहीत नाव, वेळ आणि सही. सुरुवातीला तासाला पन्नास-साठ रुपये, मग तीस, मग वीस, मग पंधरा. अर्ध्या तासापेक्षा कमी बसले तरी अर्ध्या तासाचे पैसे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी मात्र तासाचा हिशेब सुटे आणि एका निकालाचे ठरीव पैसे घेतले जात, छापून हवा तर वेगळे. २००१मध्ये एमकेसीएल आली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्यातालुक्यांत गेली. २००२च्या जानेवारीत बीएसएनएलने लांब पल्ल्याचे एसटीडी दर निम्म्याहून खाली आणले. १ मार्च २००६ला 'वन इंडिया' योजनेत देशात कुठेही मिनिटाला एक रुपया झाला. पिवळ्या पाट्या उतरायला लागल्या. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ आले, ३१ मार्च २०१७पर्यंत डेटा फुकट होता, आणि कॅफेतल्या खोपट्याही गेल्या.

बुलेटिन बोर्डवाल्याशी खरे नाते सांगणारा माणूस खान्देशात कोण, असे विचाराल तर मी पीसीओवाल्याचे किंवा कॅफेवाल्याचे नाव घेणार नाही, केबलवाल्याचे घेईन. पीसीओवाला सरकारच्या मीटरवर कमिशन खाई, दर त्याचा नव्हता. केबलवाल्याने १९९१-९२नंतर स्वतःच्या गच्चीवर तबकडी बसवली, स्वतः वायर ओढली, विजेच्या खांबावरून आणि शेजाऱ्याच्या पत्र्यावरून, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वही घेऊन स्वतः वसुलीला फिरला. रात्री व्हीसीआरवर सिनेमा कोणता लावायचा हे तोच ठरवी. कोणाकडे दोन महिने थकले तर वायर काढी, सणाला पुन्हा जोडून देई. सिसॉप जसा आपल्या सभासदांना नावाने ओळखे तसा हा गल्लीला ओळखे. १९९५च्या कायद्याने त्याला नोंदणी बंधनकारक झाली, पण ती पोस्टात नाममात्र फी भरून. त्याच्या दरात पल्स नव्हता, अंतर नव्हते, किती पाहिले याची मोजणी नव्हती. महिन्याची एक रक्कम. म्हणून केबल पाच वर्षांत झोपडपट्टीत आणि वाड्यावस्तीत पोचली, आणि फोनचे मीटर असलेल्या संगणकाला तिथे जायला वीस वर्षे लागली. बोर्डवाल्यांकडून १५ लाख न मागता केबलवाल्यासारखी नोंदणी घेतली असती तर काय झाले असते, याचा नमुना डोळ्यांसमोरच होता.

केबलवाल्याच्या दरात सरकार आले ते बरेच उशिरा. सेट-टॉप बॉक्स सक्तीचे झाले, आणि फेब्रुवारी २०१९मध्ये शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपये अधिक कर अशी चौकट लागली. आता त्यातलेच अनेकजण बीएसएनएलच्या किंवा खासगी कंपन्यांच्या फायबरचे काम घेतात. खांब तेच, वही जाऊन मोबाइलमधले ॲप आले, आणि महिन्याच्या ठोक रकमेत टीव्हीच्या जोडीला इंटरनेट. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव इथल्या घरांत आज जे ब्रॉडबँड आहे त्यातले बरेचसे याच माणसांच्या हातून आलेले आहे.

तारेचे भाडे जवळपास संपले, तरी आत जाण्याचे पैसे संपलेले नाहीत. ते आता सेवा केंद्राच्या काउंटरवर द्यावे लागतात. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीकविमा, रेशनची ई-केवायसी. हातात स्मार्टफोन आणि रोजचा दीड जीबी असलेला माणूसही यासाठी दुसऱ्याच्या संगणकापुढे रांगेत उभा राहतो, कारण फॉर्म फोनवर नीट उघडत नाही, ओटीपी दुसऱ्याच नंबरावर जातो किंवा सर्व्हर दुपारपर्यंत बंद असतो. सरकारने ठरवलेली फी केंद्राच्या भिंतीवर लावायची असते. तिच्यावर झेरॉक्स, स्कॅन आणि "फॉर्म भरायचे" म्हणून जे घेतले जाते ते कुठेच लिहिलेले नसते. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यावरून किंवा यावल-रावेरच्या सातपुड्यातल्या वस्तीवरून येणाऱ्याला त्यात एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळवावी लागते, आणि सर्व्हर बंद निघाला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. शहरातल्या माणसाला तो अर्ज तीस रुपयांचा असेल तर त्याला तो तीनशेचा पडतो. दूरसंचार खात्याच्या जुन्या दरपत्रकात निदान कोणत्या अंतराला किती हे छापलेले असे. या अंतराचा दर कोणत्याच पत्रकात नाही.